मेक्सिको सिटीचं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सहा वर्षं मेक्सिको सिटीत राहतेय. पुण्याहून, नाशिकहून कोणी इथे नोकरीला किंवा शिकायला यायचं ठरलं की मेसेज येतो, आणि व्हिसा, घरभाडं वगैरे झालं की चौथा-पाचवा प्रश्न पाण्याचा असतोच. तीच उत्तरं किती वेळा टाइप करणार, म्हणून सगळी एका जागी लिहून ठेवतेय. काही प्रश्न रोजच्या कामाचे आहेत, काही मलाच इथे आल्यावर पडले आणि मग मी त्यांच्या मागेच लागले, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत, तेवढं सांभाळून घ्या.

नळाचं पाणी प्यायचं का?

नाही. इथे जन्मलेली माणसंपण पीत नाहीत. घरोघरी गार्राफोन असतो, म्हणजे २० लिटरचा जार, आपल्याकडे ऑफिसात असतो तसाच. गल्लीत तीन चाकी सायकलवर जार लादून माणूस येतो, 'एल आग्वाआआ' अशी लांब हाळी देतो, तुम्ही रिकामा जार घेऊन खाली जायचं, तो भरलेला देतो, बहुतेक ठिकाणी वरपण आणून देतो, तेव्हा त्याला चार पैसे जास्त द्यायचे. जार स्वस्तात भरून देणारी छोटी दुकानंही जवळपास प्रत्येक वस्तीत आहेत.

नळाचं पाणी भांडी, आंघोळ, कपडे, झाडं यांना. दात घासायला आम्ही वापरतो, पण नवीन आलात तर पहिले काही आठवडे जारचंच घ्या. भाज्या-फळं धुतल्यावर पाण्यात चांदीच्या द्रावणाचे थेंब टाकून थोडा वेळ बुडवून ठेवतात, ती छोटी बाटली कुठल्याही किराणा दुकानात मिळते, पहिल्याच दिवशी घ्या. कोथिंबीर आणि स्ट्रॉबेरी तर त्याशिवाय खाऊच नका.

पण पाणी शुद्ध करून सोडत नाहीत का?

करतात की. क्लोरीन टाकलेलं असतं, प्लांटमधून निघतं तेव्हा ठीकच असतं. भानगड पुढे होते. पाइप जुने, जमीन हलती, त्यामुळे जागोजागी फुटलेले, आणि पाणी चोवीस तास नसतं, म्हणजे पाइप मधेमधे रिकामा पडतो. रिकामा पडला की आतला दाब जातो आणि त्याच फुटक्या जागांमधून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. त्यानंतर ते तुमच्या इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत येतं, तिथून गच्चीवरच्या टाकीत, आणि त्या टाक्या शेवटच्या कधी धुतल्या हे घरमालकालाच माहीत. १९८५ च्या भूकंपात मोठ्या प्रमाणावर लाइन फुटल्या, मग नव्वदच्या सुरुवातीला कॉलऱ्याची भीती आली, तेव्हापासून बाटलीच्या पाण्याची सवय लागली ती लागलीच. आज माणशी बाटलीबंद पाणी पिण्यात मेक्सिको जगात अगदी वरच्या नंबरात आहे. गरीब घराला महिन्याला नळाच्या बिलापेक्षा जारचा खर्च कितीतरी जास्त येतो, आणि हे मला फार लागतं.

शहराला पाणी येतं कुठून?

तीन ठिकाणांहून. सगळ्यात मोठा वाटा शहराच्या पायाखालचा, म्हणजे बोअरच्या खोल विहिरींचा, साधारण दोन तृतीयांश. दुसरा कुत्सामाला नावाच्या धरणांच्या साखळीचा, चालू स्थितीत पाव किंवा थोडा जास्त. तिसरा लेर्मा खोऱ्यातल्या विहिरींचा. थोडंफार झऱ्यांचं. नुसत्या शहरात ९२ लाख लोक राहतात (२०२० ची जनगणना) आणि आजूबाजूचं सगळं धरलं तर सव्वादोन कोटींच्या घरात, आणि हे सगळं समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर. चहूबाजूंनी डोंगर, मधे वाडग्यासारखी जागा. त्या वाडग्यातून नैसर्गिकरीत्या एकही नदी बाहेर जात नाही. हे एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

शहर तलावात वसलं होतं म्हणतात, मग तलावाचं पाणी गेलं कुठे?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आणि सगळ्यात दुःखाचाही. १३२५ मध्ये मेशिका लोकांनी, ज्यांना आपण अॅझ्टेक म्हणतो, तेस्कोको तलावातल्या बेटावर तेनोच्तित्लान वसवलं. एकूण पाच तलाव एकमेकांना लागून होते. पावसाळ्यात पाच मिळून एकच व्हायचे. बाहेर जायला वाट नाही म्हणून मधला तेस्कोको खारट, आणि दक्षिणेकडचे सोचिमिल्को आणि चाल्को झऱ्यांचे, गोडे. पंधराव्या शतकात तलावाकाठच्या तेस्कोको शहराचा राजा नेसावाल्कोयोत्ल याच्या देखरेखीखाली तलावात साधारण १६ किलोमीटरचा बांध घातला, खारं पाणी एका बाजूला राहावं, शहराकडे गोडं राहावं आणि पूर आला तर अडावा म्हणून. प्यायचं पाणी चापुल्तेपेकच्या टेकडीवरच्या झऱ्यांतून जलवाहिनीने यायचं आणि त्या जलवाहिनीला दोन पन्हळी होत्या, एक साफ करायला घेतली की दुसरी चालू. पाणी बंद नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आमच्या इमारतीत तिसऱ्या दिवशीची बादली भरत होते.

१५२१ च्या वेढ्यात स्पॅनिश सेनापती कोर्तेसच्या लोकांनी पहिलं काम काय केलं तर ती जलवाहिनी तोडली. शहर पडलं, बांधांची वाताहत झाली, डोंगरावरची झाडं तोडली, गाळ तलावात आला, आणि मग पूर येत राहिले. स्पॅनिश लोकांना पाण्याबरोबर राहायचं नव्हतं, त्यांना कोरडी जमीन हवी होती. १६०७ मध्ये एन्रिको मार्तिनेस नावाच्या माणसाने उत्तरेला वेवेतोकाजवळ डोंगरातून बोगदा खणायला घेतला, पाणी खोऱ्याबाहेर काढून द्यायला. आसपासच्या गावांतले हजारो आदिवासी मजूर त्यात जुंपले, कितीतरी मेले. बोगदा ढासळत राहिला. १६२९ च्या सप्टेंबरात असा पाऊस पडला की शहर बुडालं आणि पाच वर्षं, होय, पाच वर्षं, पाणी उतरलं नाही. लोक होडीतून फिरायचे, बरेच शहर सोडून गेले, राजधानी दुसरीकडे न्यायची चर्चा झाली. मार्तिनेसला तुरुंगातही टाकलं होतं. पुढे त्या बोगद्याचा उघडा चर केला, ते काम पुढची दीडशे वर्षं चाललं.

मग १९०० मध्ये हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियासच्या काळात ग्रान कनाल म्हणजे मोठा कालवा आणि नवा बोगदा सुरू झाला आणि तलावाचा निकालच लागला. जवळपास तीनशे वर्षं एकाच गोष्टीवर पैसा आणि माणसं घातली, ती म्हणजे पाणी बाहेर काढणे. आणि बाहेर काढून झाल्यावर प्यायला पाणी नाही म्हणून डोंगरापलीकडून आणायला सुरुवात झाली.

शहर खचतंय हे खरं आहे का?

खरं आहे, डोळ्यांनी दिसतं. तलावाच्या तळाची माती ही चिकणमाती, स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून बसलेली. खालून विहिरींनी पाणी उपसलं की वरच्या मातीतलं पाणी खाली झिरपतं, माती आकसते आणि एकदा आकसली की परत फुगत नाही. पुन्हा पाणी ओतून उपयोग नाही. पाणी उपसण्याचा आणि खचण्याचा संबंध नाबोर कारिय्यो या इंजिनिअरने १९४० च्या दशकातच दाखवून दिला होता. त्यानंतर शहराच्या मध्यभागी नवीन विहिरींवर बंधनं आली, पण मग विहिरी दक्षिणेला आणि पूर्वेला सरकल्या आणि तिकडची जमीन खचायला लागली. शहराचा मध्य विसाव्या शतकात नऊ-दहा मीटर खाली गेलाय. पूर्वेकडच्या काही भागांत आजही वर्षाला ४०-५० सेंटिमीटर जाते. म्हणजे मूल पहिलीतनं चौथीत जाईपर्यंत त्याच्याच उंचीएवढी जमीन खाली.

आणि सगळीकडे सारखी खचत नाही, हा खरा घोळ. एका टोकाला खडक, दुसऱ्या टोकाला चिखल, मधे पाइप. तो वाकतो, तुटतो. म्हणून गळती ४० टक्क्यांच्या आसपास. पाणी कमी म्हणून जास्त उपसा, जास्त उपसा म्हणून जमीन खचते, खचते म्हणून पाइप फुटतात, फुटतात म्हणून पाणी कमी. बैलाच्या घाण्यासारखं गोल गोल.

जुन्या विहिरींचे लोखंडी पाइप खालच्या टणक थरात रुतलेले असतात, ते खचत नाहीत, जमीन खचते, त्यामुळे काही ठिकाणी पाइप जमिनीतून माणसापेक्षा उंच वर आलेला दिसतो. पहिल्यांदा बघितलं तर वाटतं कोणीतरी उभा करून ठेवलाय.

कुत्सामाला म्हणजे नक्की काय?

पश्चिमेला शंभर किलोमीटरहून लांब मिचोआकान आणि मेक्सिको (देशाच्याच नावाचं एक राज्य) या राज्यांत सात धरणं आणि बंधारे आहेत, त्यातले एल बोस्के, बाये दे ब्रावो आणि बिया बिक्तोरिया हे तीन मोठे साठे. यातली बरीचशी धरणं आधी विजेसाठी बांधली होती, पाणी खाली पडायचं, वीज व्हायची. मग तेच पाणी उलट्या दिशेने शहराकडे वर चढवायचं ठरलं. पहिला टप्पा १९८२ ला सुरू झाला, दुसरा १९८५ ला, तिसरा १९९३ ला.

चढवायचं म्हणजे किती, तर सगळ्यात खालची जागा साधारण १,६०० मीटरवर आणि डोंगर ओलांडायची जागा २,७०० च्या आसपास. अकराशे मीटर. सहा पंपिंग स्टेशनं ते करतात, मधे लोस बेर्रोसला मोठा शुद्धीकरण प्लांट आहे, आणि डोंगर ओलांडला की मग उताराने शहरात. नेहमीच्या वर्षात सेकंदाला १५ हजार लिटर. तुम्ही मुंबईकर असाल तर असं बघा, तानसा, वैतरणाचं बरंचसं पाणी उताराने वाहत येतं, निसर्गच आणून देतो. इथे प्रत्येक ग्लास आधी सिंहगडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढवायचा आणि वर अजून तेवढाच एक डोंगर चढवायचा. वीज किती लागत असेल विचार करा. वर्षातून काही वेळा दुरुस्तीसाठी दोन-तीन दिवस लाइन बंद ठेवतात, ते आधी जाहीर होतं, तेव्हा शहरभर बादल्यांची विक्री वाढते.

आणि लेर्मा?

हे त्याच्या आधीचं. १९४२ ला काम सुरू, १९५१ ला पाणी शहरात. डोंगरातून साधारण १४ किलोमीटरचा बोगदा, तो खणताना कामगार गेले. बोगद्यातून पाणी जिथे चापुल्तेपेकच्या बागेत पोचायचं तिथे एक छोटी घुमटाची इमारत आहे, कार्कामो दे दोलोरेस, आणि तिच्या हौदाच्या आत, तळाला आणि भिंतींवर, मेक्सिकोचा प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा याने चित्र काढलं. पाण्यात राहील असं चित्र. कामगार, इंजिनिअर, पाण्यातून सुरू झालेलं जीवन, आणि तहानलेल्याला पाणी देणारे मोठे हात. अर्थात वाहत्या पाण्याने रंग जायला लागला, मग पुढे पाणी दुसरीकडून वळवलं आणि दुरुस्त करून २०१० मध्ये लोकांसाठी परत उघडलं. बाहेर पावसाचा देव त्लालोक आडवा पडलाय, एवढा मोठा की वरून विमानातनं दिसावा.

पण लेर्माच्या बाजूने बघा. तिथे मोठ्या पाणथळ जागा होत्या, लोक मासे, बेडूक, छोटे झिंगे पकडायचे, लव्हाळं कापून चटया विणायचे. पाणी गेलं तशी ती तळी आटली. मासेमारी करणारी गावं एका पिढीत दुसऱ्या कामाला लागली. सोचिमिल्कोचंही तेच, १९१० च्या आसपास तिथले झरे पाइपमध्ये घालून शहराला दिले, काही दशकांत झरेच आटले आणि आज तुम्ही ज्या रंगीत होड्यांमध्ये बसून फोटो काढता त्या कालव्यांत मुख्यतः शहराचं सांडपाणी प्रक्रिया करून सोडलेलं असतं.

ज्यांच्या गावातून पाणी येतं त्यांना पाणी मिळतं का?

धरण उशाला आणि कोरड घशाला, आपल्याकडे म्हणतात ना, तंतोतंत तेच. लोस बेर्रोसच्या आसपास मासावा आदिवासींची गावं आहेत. प्लांट दाराशी, मोठाले पाइप शेतातून जातात, आणि कितीतरी गावांत नळ नव्हता. बायका झऱ्यावरनं, ओढ्यावरनं पाणी आणायच्या. २००३ मध्ये बिया बिक्तोरियाच्या धरणाचं पाणी शेतात शिरून पिकं गेली, भरपाईचं घोंगडं भिजत पडलं, आणि २००४ मध्ये तिथल्या बायका पुढे आल्या. पारंपरिक घेरदार स्कर्ट, वेण्या, हातात लाकडाच्या बंदुका, आणि नाव घेतलं पाण्याच्या रक्षणासाठी मासावा स्त्रियांची सेना. लाकडाच्या बंदुका म्हणजे बघा, गोळी नाहीच त्यात, पण देशभरातल्या पेपरात फोटो आले. प्लांटच्या दारात बसल्या, राजधानीत मोर्चे काढले. त्यांच्या मागण्या काय होत्या तर भरपाई द्या, गावाला नळ द्या, आणि जंगल लावा म्हणजे पाणी टिकेल. थोडं मिळालं, बरंच राहिलं.

मला कोणी विचारलं की इथल्या पाण्याबद्दल एकच गोष्ट सांग, तर मी ही सांगते. माझ्या नळाला आलेलं पाणी कोणाच्या तरी अंगणातनं आलंय.

घरात व्यवस्था कशी असते?

रस्त्यावरच्या लाइनवरनं पाणी आधी सिस्तेर्नात येतं, म्हणजे जमिनीखालची टाकी. तिथून पंपाने गच्चीवरच्या तिनाकोत, म्हणजे आपली प्लॅस्टिकची काळी टाकी, अगदी तशीच, गच्चीवरनं शहर बघितलं तर औरंगाबाद की मेक्सिको कळणार नाही. तिनाकोतून घरात. घर बघायला जाल तेव्हा सिस्तेर्ना आहे का, किती लिटरची, किती बिऱ्हाडांत, शेवटची कधी धुतली आणि पंप कोण चालू करतं, हे पाच प्रश्न विचाराच. मी पहिल्या घरी विचारले नाहीत. सिस्तेर्ना नव्हतीच, फक्त तिनाको, लाइनला दाब नसला की वर चढायचंच नाही, आणि घरमालक प्रत्येक वेळी म्हणायचे 'आओरीता', म्हणजे आत्ता होईल. इथे आओरीता म्हणजे दहा मिनिटंही असतात आणि पुढचा गुरुवारही.

तांदेओ आणि पिपा हे काय शब्द आहेत?

तांदेओ म्हणजे पाळीने पाणी. अमुक वस्तीला सोमवारी-गुरुवारी, तमुकला आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, तेही बरेचदा रात्री. पिपा म्हणजे टँकर. शहराच्या पश्चिमेला, श्रीमंत भागात, पाणी आधी पोचतं कारण कुत्सामाला तिकडून येतं. पूर्वेला इस्तापालापा, तिथे अठरा लाखांवर लोक, पाइपच्या टोकाला. टोकाला म्हणजे टोकालाच, दाब संपलेला, त्यात तिकडच्या विहिरींच्या पाण्यात लोह आणि मँगनीज, त्यामुळे नळाला येतं तेही पिवळं-तांबूस, कपडे पिवळे पडतात.

टँकर सरकारी असतो आणि खाजगीही. सरकारीला नंबर लावायचा, कागद द्यायचे, मग वाट बघायची, आणि वाट बघायला घरात कोणीतरी पाहिजे. ते कोणीतरी म्हणजे बाई. टँकर आज येईल की उद्या, माहीत नाही, म्हणून ती कामावर जात नाही, दिवस बुडतो. माझी एक मैत्रीण तिथेच वाढली, ती सांगते की लहानपणी रात्री दोनला नळाची सूं-सूं ऐकू आली की आई सगळ्यांना उठवायची, भांडी, पातेली, कपडे धुवायचा दगडी हौद, सगळं भरून घ्यायचं. आजही तिला झोपेत पाण्याचा आवाज आला की जाग येते. मराठवाड्यातल्या कुठल्याही बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

२०२४ मध्ये 'दिया सेरो' म्हणजे पाणी संपणार असं आलं होतं, काय झालं?

सलग काही वर्षं पाऊस कमी झाला, कुत्सामालाचे साठे खाली गेले, शहराकडे येणारं पाणी टप्प्याटप्प्याने कापून जवळपास निम्म्यावर आणलं. मग २६ जून २०२४ ही तारीख फिरायला लागली, त्या दिवशी पाणी संपणार. घरून फोनवर फोन. खरं म्हणजे तारीख कुत्सामालापुरतीच होती, धरणांतून देण्याजोगं पाणी राहणार नाही अशी, विहिरी चालूच राहणार होत्या. जूनच्या शेवटी साठा २६ टक्क्यांच्या आसपास आला, आणि मग पाऊस आला, चांगला आला, पावसाळा संपेपर्यंत साठा दुपटीहून वर गेला. म्हणून लोक म्हणाले उगाच घाबरवलं. पण इस्तापालापातल्या कितीतरी घरांना दिया सेरो दर आठवड्यालाच असतो, त्यांना ती तारीख नवीन नव्हती.

पाण्याला वास आला तर?

वापरू नका, तक्रार करा आणि शेजाऱ्यांना विचारा. एप्रिल २०२४ मध्ये बेनितो हुआरेस या चांगल्या मध्यमवर्गीय भागात नळाला पेट्रोलसारखा वास यायला लागला. लोकांना आधी म्हणाले काही नाही, मग लोकांनी मोठा रस्ता अडवला, तेव्हा तपासण्या झाल्या आणि आल्फोन्सो १३ नावाची विहीर बंद करावी लागली, तेलकट काहीतरी पाण्यात मिसळलं होतं. विहिरींवर जगणाऱ्या शहरात जमिनीत जे काही झिरपतं ते कधीतरी नळाला येतं.

बिल कसं येतं?

दोन महिन्यांनी एकदा. मीटर असेल तर वापराप्रमाणे, आणि दर तुमची वस्ती कुठल्या वर्गात मोडते त्यावर, चार वर्ग आहेत, गरीब वस्तीला सबसिडी जास्त. जिथे पाणी पाळीने येतं तिथल्या काही वस्त्यांचं बिल माफही करतात. भाड्याने राहत असाल तर बिल कोण भरणार ते करारात लिहून घ्या. पूर्वी साक्मेक्स नावाची संस्था होती, २०२५ पासून तिच्या जागी शहराचं स्वतंत्र पाणी खातंच झालंय, त्यामुळे जुन्या वेबसाइट आणि जुने फोन नंबर घेऊन बसू नका.

एवढा पाऊस पडतो तरी टंचाई का? आणि पूर पण कसे येतात?

पाऊस इथेही जून ते ऑक्टोबर, वर्षाला साधारण पुण्याएवढा, ७०० मिलिमीटरच्या वर, नैर्ऋत्येच्या डोंगरांकडे त्याहून बराच जास्त. दुपारी चारला ढग येतात, पाचला धो धो, सातला रस्ता मोकळा. ते पाणी जमिनीत मुरायच्या जागा म्हणजे दक्षिणेचे डोंगर आणि लाव्हाची जमीन, तिथे वस्ती वाढतेय. बाकी सगळीकडे सिमेंट. पावसाचं आणि गटाराचं पाणी एकाच नळीतून जातं, म्हणजे चांगलं पाणी घाणीत मिसळून खोऱ्याबाहेर.

आणि बाहेर काढणंही सोपं राहिलं नाही. ग्रान कनाल उताराने वाहायचा, शहर खचलं तसा उतारच गेला, आता पंप लावून पाणी ढकलावं लागतं. म्हणून १९७५ मध्ये खूप खोल ड्रेनेजचे बोगदे केले, आणि २०१९ मध्ये अजून एक, ६२ किलोमीटर लांब, सात मीटर व्यासाचा.

ते पाणी जातं उत्तरेला इदाल्गो राज्यात, मेस्कीतालच्या खोऱ्यात. तिथले शेतकरी शंभर वर्षांहून जास्त काळ त्या सांडपाण्यावर मका आणि लसूणघास पिकवतात, पाण्यात खत असतंच, पीक जोरात येतं, आणि पोटाचे आजारही. आता अतोतोनील्कोला जगातल्या मोठ्यातला एक प्रक्रिया प्लांट आहे, सेकंदाला ३५ हजार लिटर क्षमतेचा. तरी सप्टेंबर २०२१ मध्ये जोराचा पाऊस आणि मेक्सिको सिटीकडनं सोडलेलं पाणी एकदम आलं, तिथलं तुला नावाचं शहर बुडालं, हॉस्पिटलमध्ये पाणी शिरलं, वीज गेली, आणि डझनाहून जास्त पेशंट गेले, त्यातले बरेच ऑक्सिजनवर होते. शहर कोरडं ठेवायची किंमत खालच्या गावाने दिली.

मग काही चांगलं चाललंय का?

चाललंय. पावसाचं पाणी छपरावरनं गोळा करायचं काम इस्ला उर्बाना नावाची संस्था २००९ पासून करतेय, आणि २०१९ पासून शहर सरकारनेही गरीब वस्त्यांमध्ये घरोघरी तशी यंत्रणा बसवायची योजना चालवली. पहिल्या पावसाचं घाण पाणी आपोआप वेगळं काढणारी एक टाकी त्यात असते, तिचं नाव त्लालोके, म्हणजे त्लालोक देवाचे मदतनीस, जे आकाशात मडकी फोडतात आणि पाऊस पडतो. एका मोठ्या छपरावर पाच-सहा महिने घर चालतं. टँकरची वाट बघणाऱ्या बाईला वर्षातले सहा महिने परत मिळाले, ही छोटी गोष्ट नाही.

तेस्कोकोच्या कोरड्या तळावर प्रचंड विमानतळ होत होता, तो २०१८ मध्ये लोकांचा कौल घेऊन रद्द झाला, २०२२ मध्ये ती जागा संरक्षित केली आणि आता तिथे पाणथळ पार्क आहे, पक्षी परत येतात. फेब्रुवारी २०१२ पासून राज्यघटनेच्या चौथ्या कलमात पाण्याचा हक्क लिहिलाय. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पाइप बदलण्याचं कंटाळवाणं काम, कारण ४० टक्के गळती थांबवणं म्हणजे नवीन धरणच, आणि त्यासाठी कोणाच्या शेतात पाइप घालावे लागत नाहीत. पण जमिनीखालच्या पाइपचं उद्घाटन करता येत नाही, मग ते मागे पडतं. उलट इस्तापालापात दोन हजार मीटर खोल प्रायोगिक विहीर खणली होती त्याची बातमी मोठी झाली.

भूकंप झाला तर पाण्याचं काय करायचं?

घरात कायम दोन भरलेले जार जास्तीचे ठेवा. १९८५ आणि २०१७, दोन्ही १९ सप्टेंबरलाच, दोन्ही वेळा पाइप तुटले आणि २०१७ मध्ये तर इस्तापालापा, त्लावाक, सोचिमिल्कोत कित्येक आठवडे नळ कोरडे होते. हलणं थांबल्यावर तिनाकोला तडा गेलाय का बघा, आणि सिस्तेर्नातलं पाणी तपासल्याशिवाय वापरू नका, बाजूचं गटार फुटून त्यात आलेलं असू शकतं.

हे सगळं बघायला कुठे जाऊ?

कार्कामो वर सांगितलाच. मेट्रोचं साल्तो देल आग्वा स्टेशन, बाहेर पडलं की कारंजं आहे, १७७९ चं, हुबेहूब नक्कल आहे, मूळ दगड तेपोत्सोत्लानच्या म्युझियममध्ये. चापुल्तेपेकहून ९०४ कमानींवरनं येणारं पाणी इथे संपायचं आणि इथून आग्वादोर म्हणजे पाणके मोठा घडा पाठीवर आणि छोटा पोटावर, पट्टा डोक्याला अडकवून, घरोघरी न्यायचे. प्रत्येक खेपेला घरात एक लाल बी द्यायचे आणि आठवड्याने बिया मोजून पैसे घ्यायचे. त्या कमानींमधल्या थोड्या चापुल्तेपेक रस्त्यावर अजून उभ्या आहेत, बसमधनं दिसतात.

आणि रेफोर्मा रस्त्यावर स्वातंत्र्याच्या देवदूताचा खांब, १९१० चा. त्याचा पाया खोल आहे, तो जागेवर राहिला आणि भोवतालचा रस्ता खाली गेला, म्हणून पायऱ्या जोडत जावं लागलं. वरच्या ९ मूळच्या, खालच्या १४ नंतरच्या. रविवारी सकाळी रस्ता गाड्यांना बंद असतो, तेव्हा जा आणि मोजून बघा.